स्ट्रॅटेगो : जुना पट, नवा खोका

स्ट्रॅटेगोच्या पटावर शंभर घरं असतात. त्यांतली आठ पाण्याची. मधोमध चार-चार घरांची दोन तळी, तिथे कुणालाच जाता येत नाही. उरलेल्या 92 घरांपैकी 80 पहिली चाल होण्याआधीच भरलेली असतात, कारण दोन्ही गडी आपापल्या चाळीस सोंगट्या आपल्याकडच्या चार ओळींत मांडून बसतात. मोकळी राहतात ती बारा घरं, तीन खिंडींत वाटलेली. सोंगट्यांची तोंडं मालकाकडे, पाठी समोरच्याकडे, आणि सगळ्या पाठी अगदी एकसारख्या. मार्शल कुठे उभा आहे, सुरुंग कुठे पेरलेत, झेंडा कोणत्या कोपऱ्यात दडवलाय, हे समोरच्याला अंगावर गेल्याशिवाय कळत नाही.

अंगावर गेलं की मात्र लपवाछपवी संपते. दोघांनीही आपापली सोंगटी दाखवायची. हुद्द्याने लहान असेल ती पटाबाहेर, बरोबरीची असेल तर दोन्ही बाहेर. जिंकलेली सोंगटी पुन्हा तोंड फिरवून उभी राहते आणि ती कोण होती हे लक्षात ठेवणं ही समोरच्याची जबाबदारी. सगळ्यांत मोठा मार्शल, पण हेराने आधी हल्ला केला तर तोही पडतो. सुरुंगावर आदळलेला कुणीही मरतो, फक्त सुरुंग काढणारा वाचतो. आणि तो हुद्द्याच्या उतरंडीत जवळजवळ तळाला असतो. सहा सुरुंग आणि एक झेंडा जागचे हलत नाहीत, बाकीच्या 33 सोंगट्यांवर सगळी लढाई. समोरच्याचा झेंडा सापडला किंवा त्याला हलवायला काही उरलं नाही, की डाव संपला.

नियम दहा मिनिटांत सांगून होतात, म्हणूनच हा खेळ साठ-सत्तर वर्षं युरोप-अमेरिकेतल्या घरांत टिकला, आणि म्हणूनच दर काही वर्षांनी कुठल्या ना कुठल्या कंपनीला तो नव्याने काढावासा वाटतो. नवं चित्र, नवा पट, कमी सोंगट्या, जास्त शक्ती, बॅटरी, पडदा. दुकानात किंवा ऑनलाइन शोधणाऱ्या आईबापांसमोर मग प्रश्न उभा राहतो की यांतला खरा स्ट्रॅटेगो कोणता आणि नवा जुन्यापेक्षा बरा का.

‘खरा’ कोणता, हे वाटतं तितकं सरळ नाही. स्ट्रॅटेगो हीच मुळात एक नवी आवृत्ती आहे. 1908 च्या नोव्हेंबरात एर्माँस एदाँ या फ्रेंच बाईंनी चौकटींच्या पटावर हलत्या सोंगट्यांनी खेळायच्या लढाईच्या खेळासाठी पेटंटचा अर्ज केला. तो खेळ पुढे ‘लाताक’ या नावाने बाजारात आला. पट नऊ गुणिले दहा, प्रत्येकी 36 सोंगट्या, पुठ्ठ्यावर छापलेले त्या काळच्या फौजांचे शिपाई आणि अधिकारी. पहिलं महायुद्ध अजून सहा वर्षं दूर होतं. झाकलेले हुद्दे, हेर, सुरुंग, झेंडा ही सगळी मांडणी तिथेच तयार होती. 1920 च्या दशकात इंग्लंडमधल्या गिब्सन कंपनीने तिचे हक्क घेतले आणि त्याच कल्पनेवर आरमाराचा ‘डोव्हर पॅट्रोल’ आणि विमानांचा ‘एव्हिएशन’ असे भाऊबंदही काढले. आज एदाँबाईंचं नाव खेळाच्या खोक्यावर सहसा दिसत नाही. जगभर विकल्या गेलेल्या खेळाच्या मूळ रचनाकर्तीची एवढी उपेक्षा पटत नाही, पण खेळण्यांच्या धंद्यात हे नवं नाही.

स्ट्रॅटेगोचं श्रेय डच याक योहान मोगेनडॉर्फ यांना दिलं जातं. नावाची नोंदणी 1942 मध्ये झाली, म्हणजे नेदरलँड्स जर्मनांच्या ताब्यात असताना. युद्ध संपल्यावर जम्बो या नावाने खेळ काढणाऱ्या हाउसेमान आणि हॉटे या डच कंपनीने तो हाती घेतला आणि 1961 मध्ये मिल्टन ब्रॅडली कंपनीने अमेरिकेत आणला. मोगेनडॉर्फ यांच्या आवृत्तीत पट चौरस झाला, सोंगट्या चाळीस झाल्या आणि विसाव्या शतकातल्या गणवेशांच्या जागी नेपोलियनच्या काळातले झगमगीत सेनापती आले. शेवटचा बदल वरवरचा वाटतो, पण युद्धातून नुकत्याच बाहेर पडलेल्या देशात मुलांपुढे खंदकातले शिपाई ठेवण्यापेक्षा दीडशे वर्षांपूर्वीचे घोडेस्वार ठेवणं कुणालाही सोपं गेलं असेल. लढाई इतिहासात गेली की ती घरात खेळता येते.

यापुढच्या आवृत्त्या तपासताना मी एकच गोष्ट बघतो: कुणाला काय ठाऊक आहे आणि काय नाही, याचा जुना तोल नव्या खोक्यात राहिला का. चित्रं बदलली तर खेळ बदलत नाही. हा तोल ढळला तर तोच पट आणि तीच नावं ठेवूनही खेळ दुसराच होतो.

आधी आकड्यांची भानगड. जुन्या अमेरिकी संचांत मार्शल 1, जनरल 2, कर्नल 3 असं उतरत उतरत सुरुंग काढणारा 8 आणि टेहळ्या 9. लहान आकडा मोठा, ‘पहिल्या दर्जाचा अधिकारी’ म्हणतात त्या हिशेबाने. युरोपात नेमकं उलटं, मार्शल 10 आणि टेहळ्या 2. साधारण 2000 नंतरच्या अमेरिकी आवृत्त्यांनीही युरोपची रीत उचलली. जुन्या खेळाडूंनी यावर बरीच नापसंती दाखवली, पण बदल चांगलाच आहे. सात वर्षांच्या मुलाला मोठा आकडा जिंकतो हे सांगावं लागत नाही, आणि खेळातल्या माहितीचा एक कणही त्याने हललेला नाही. अडचण फक्त एका ठिकाणी येते: आजोबांचा जुना संच आणि नातवाचा नवा संच एकाच घरात असेल तर आठ नंबर म्हणजे कर्नल की सुरुंग काढणारा, यावरून पहिल्या डावात हमखास वाद.

सोंगट्या कशाच्या केल्यात, हा प्रश्न दिसायला क्षुल्लक आहे, पण या खेळात नाही. बुद्धिबळातल्या घोड्याचा कान तुटला तरी तो घोडाच राहतो. इथे सोंगटीच्या पाठीवर एक ओरखडा पडला, की समोरच्याला ती पुढच्या प्रत्येक डावात ओळखता येते. जुन्या संचांत हुद्द्याची छपाई सोंगटीवरच असायची, अलीकडच्या बऱ्याच संचांत खोक्यासोबत स्टिकरचा कागद येतो आणि ऐंशी सोंगट्यांवर ते आपणच चिकटवायचे असतात. एखादा वाकडा बसला, कडेने सुटला, बाजूने डोकावू लागला, की ती सोंगटी चुगली करते. नव्या रूपावर माझा सगळ्यांत मोठा आक्षेप हाच. कारखान्यात चार पैसे वाचले, पण एकसारख्या पाठींवर उभा असलेला खेळ त्यात कमकुवत झाला. सोंगटीचा तळ रुंद असणंही तितकंच गरजेचं. हाताचा धक्का लागून पाच-सहा सोंगट्या तोंडावर पडल्या की डाव तिथेच मोडतो.

नियमांत झालेले फेरफार थोडे आहेत आणि बहुतेक सुधारणाच आहेत. टेहळ्या सरळ रेषेत कितीही घरं धावू शकतो, पण जुन्या अमेरिकी नियमांत त्याला एकाच चालीत धावणं आणि हल्ला करणं जमत नसे. नव्यात जमतं. त्यामुळे आठ टेहळ्यांना खरी किंमत आली, कारण पटाच्या पार टोकाला उभी असलेली संशयित सोंगटी एका चालीत तपासता येते. दुसरा बदल रटाळपणावरचा. हरायला आलेला गडी एकच सोंगटी दोन घरांत मागे-पुढे करत बसे आणि डाव संपता संपत नसे. आता सलग तीन वेळांहून अधिक तसं करता येत नाही. 1990 च्या दशकात जागतिक स्पर्धा सुरू झाल्या आणि असे नियम पक्के करावे लागले. घरच्या खेळाला स्पर्धेने दिलेली ही देणगी.

मूळ रचनेची एक हुशारी मात्र शेजारच्या खेळांशी ताडून पाहिल्यावरच नीट दिसते. चीनमध्ये ‘लुझानची’ नावाचा असाच खेळ आहे, प्रत्येकी 25 सोंगट्या आणि पटावर आगगाडीचे रूळ. फिलिपिन्समध्ये ‘सालपाकान’ आहे, नऊ गुणिले आठचा पट आणि प्रत्येकी 21 सोंगट्या. दोन्हींत लढत झाली की निकाल तिसरा माणूस देतो. तो दोन्ही सोंगट्या पाहतो, हरलेली काढून टाकतो आणि जिंकलेली कोण होती ते सांगत नाही. कोडं त्यामुळे जास्त गहन होतं, पण दोघांच्या खेळाला तिसरा लागतो. स्ट्रॅटेगोने लढतीच्या क्षणी दोन्ही सोंगट्या उघड्या करायला लावल्या आणि पंचाला घरी पाठवलं. जिंकणाऱ्याला जिंकण्याची किंमत मोजावी लागते, कारण त्याचा हुद्दा आता समोरच्याला कळलेला असतो. मार्शलने एक टेहळ्या मारला की सौदा बहुधा मार्शलच्या तोट्याचा, कारण आता हेराला कुठे जायचं ते ठाऊक झालं. खेळातली सगळी मुत्सद्देगिरी या एका नियमातून निघते.

1982 च्या इलेक्ट्रॉनिक स्ट्रॅटेगोने नेमका यालाच हात घातला. सोंगट्यांच्या तळाला वेगवेगळे उंचवटे, पट बॅटरीवर चालणारा. हल्ला करताना आपली सोंगटी दाबायची, मग समोरच्याची दाबायची, यंत्र सूर वाजवून कोण जिंकलं ते सांगतं. हुद्दा कुणालाच कळत नाही. चाल करण्याऐवजी समोरची सोंगटी नुसती दाबून तिच्या ताकदीचा ढोबळ अंदाज घेण्याचीही सोय होती. सुरुंगांच्या सोंगट्याच काढून टाकल्या आणि डाव सुरू होण्याआधी ते झाकणाखाली खुंट्या लावून पेरायचे, असं ठरलं. करामत म्हणून हे सगळं मजेदार आहे. पण पाहा, पंच परत आला, फक्त आता तो सेलवर चालतो. चिनी खेळाशी याचं नातं डच खेळापेक्षा जवळचं आहे, आणि खोक्यावर नाव मात्र जुनंच. वेगळा खेळ म्हणून तो वाईट नाही, पण नवा स्ट्रॅटेगो म्हणून विकणं मला पटत नाही.

त्यानंतर आल्या सिनेमांच्या आवृत्त्या. स्टार वॉर्स, लॉर्ड ऑफ द रिंग्ज, मार्व्हलचे महावीर. सोंगट्यांना खास शक्ती मिळाल्या, आणि प्रत्येक शक्तीगणिक नियमपत्रिका लांबली. 1999 मध्ये तर पत्त्यांसारख्या सोंगट्या जमवत राहायची ‘स्ट्रॅटेगो लेजेंड्स’ नावाची मालिकाही निघाली. यांच्याबद्दल फार लिहिण्यासारखं काही नाही. चित्रपट आवडला असेल तर महिनाभर पुरतात.

छोट्या आवृत्त्यांचा विचार मात्र गंभीरपणे करावा लागतो, कारण जुन्या खेळाविरुद्धची खरी तक्रार त्याच्या लांबीबद्दल आहे. चाळीस सोंगट्या मांडायलाच पंधरा मिनिटं जातात आणि पूर्ण डाव तासभर चालू शकतो. ‘ड्युएल’मध्ये आठ गुणिले आठचा पट आणि प्रत्येकी दहा सोंगट्या असतात: मार्शल, जनरल, हेर, झेंडा, दोन टेहळे, दोन सुरुंग काढणारे, दोन सुरुंग. मधला सगळा अधिकारीवर्ग गायब. डाव दहा-पंधरा मिनिटांत आटोपतो आणि पहिल्या चालीपासून जीव टांगणीला लागतो. उणीव अशी की लक्षात ठेवायला फारसं उरत नाही. मोठ्या डावात विसाव्या चालीला उघडी पडलेली सोंगटी साठाव्या चालीला कुठे आहे, हे आठवणाऱ्याला फायदा होतो, आणि तिथे बुद्धिबळात कच्चं असलेलं पोरही पक्क्या काकांना धूळ चारू शकतं. पडद्यावर खेळताना बऱ्याचदा कोण मेलं, कोण उरलं याची यादी समोरच असते, तेव्हाही हीच गंमत कमी होते.

इतर खेळांत नवी आवृत्ती जुन्याहून सरस ठरल्याची उदाहरणं आहेत का? एक तर निश्चित आहे. 1880 च्या दशकात लंडनमध्ये ‘रिव्हर्सी’ निघाला. तो माझा, असा दावा लुइस वॉटरमन आणि जॉन मॉलेट या दोघांनी केला आणि एकमेकांना लबाड ठरवलं. चौसष्ट घरं, दोन्ही बाजूंना वेगळ्या रंगाच्या चकत्या, समोरच्याच्या चकत्या आपल्या दोन चकत्यांमध्ये कोंडल्या की उलटून आपल्या करायच्या. 1973 मध्ये जपानच्या मितो शहरातल्या गोरो हासेगावांचा ‘ऑथेल्लो’ त्सुकुदा कंपनीने काढला. बदल दोन-तीनच. रिव्हर्सीत पहिल्या चार चकत्या मधल्या घरांत हव्या तशा ठेवता येत, ऑथेल्लोत त्यांची तिरकी मांडणी ठरलेली. रिव्हर्सीत प्रत्येकाच्या वाट्याला 32 चकत्या, आणि त्या संपल्या की संपल्या. ऑथेल्लोत चकत्यांचा साठा दोघांत एक, आणि चाल नसेल त्याने ती सोडायची. कमी गोंधळ, जास्त खोली. चारच वर्षांत, 1977 ला, टोकियोत जागतिक स्पर्धा भरली. इथे झाकलेलं काहीच नसल्याने माहितीच्या तोलाला धक्का लागायचा प्रश्नच नव्हता. हासेगावांनी नियमांतल्या फटी बुजवल्या आणि नवं काही घुसडलं नाही.

याच्या उलट ‘बॅटलशिप’. चौकटींच्या वहीवर आडोसा धरून जहाजं बुडवायचा खेळ आपल्याकडच्या शाळांतही चालायचा, त्याला कागद आणि पेन्सिल पुरे. 1967 मध्ये मिल्टन ब्रॅडलीने त्याला प्लॅस्टिकच्या पेट्या आणि खुंट्या दिल्या, आणि वहीत कधी नव्हता तसा एक प्रामाणिकपणा आला, कारण जहाज गुपचूप खोडून दुसरीकडे काढता येईना. 1977 ला तो आवाज करू लागला, पुढे बोलूही लागला. 2008 च्या सुमारास षट्कोनी घरं, बेटं आणि पकडलेली माणसं आली. दहा गुणिले दहाच्या पटावर पाच जहाजांची सतरा घरं शोधायची, हा मूळ खेळ साधा आहे आणि त्यात नशीब बरंच आहे. त्यावर बेटं चढवल्याने नशीब कमी झालं नाही.

आणि आपल्या घरचंच उदाहरण घ्यायचं तर बुद्धिबळ. आपल्या आजोबा-पणजोबांच्या पिढीतले बरेच जण देशी पद्धतीने खेळत. नियम गावोगाव थोडे वेगळे, पण सर्वसाधारणपणे प्यादं पहिल्या चालीतही एकच घर सरके, राजाला डावात एकदाच घोड्याची उडी मिळे, आणि शेवटच्या ओळीत पोचलेलं प्यादं ज्या मोहऱ्याच्या घरात पोचे तो मोहरा होई. युरोपीय पद्धतीची तोंडओळख इथे फार आधी झाली होती. त्रिवेंगडाचार्य शास्त्रींचं या विषयावरचं इंग्रजी पुस्तक मुंबईत 1814 लाच छापलं गेलं. पंजाबचा मीर सुलतान खान देशी नियमांवर वाढला, विलायती नियम शिकला आणि 1929, 1932 आणि 1933 अशी तीन वर्षं ब्रिटिश अजिंक्यपद घेऊन आला. स्वतंत्र भारतातली पहिली राष्ट्रीय स्पर्धा 1955 ला झाली. तिच्या संयुक्त विजेत्यांत रामचंद्र सप्रे होते. हळूहळू स्पर्धांतून देशी पद्धत हद्दपार झाली. नागपूरच्या दिव्या देशमुखने 2025 मध्ये बाटुमीला महिला विश्वचषक जिंकला तो विलायती नियमांवर. नव्या रूपाने जुनं पुसून टाकलं, याची हळहळ वाटते. तरी जगाशी खेळायचं तर सगळीकडे एकच नियम हवा होता, आणि सावकाश सुरू होणाऱ्या देशी डावापेक्षा नवा डाव चुरशीचा आहे, हेही मान्य करायला हवं.

स्ट्रॅटेगोच्या जुन्या, चाळीस सोंगट्यांच्या डावाच्या बाजूने सगळ्यांत भक्कम साक्ष अनपेक्षित ठिकाणाहून आली. 2022 च्या डिसेंबरात कृत्रिम बुद्धिमत्तेवर काम करणाऱ्या डीपमाइंडच्या संशोधकांनी ‘सायन्स’ या शोधपत्रिकेत स्ट्रॅटेगो खेळणाऱ्या डीपनॅश या प्रणालीबद्दल लिहिलं. बुद्धिबळ यंत्राने 1997 लाच जिंकलं होतं, गो 2016 ला. स्ट्रॅटेगो तोवर यंत्रांना हौशी खेळाडूइतकाच जमत होता. शक्य स्थितींची संख्या 10 च्या 535 व्या घाताएवढी, गोच्या कितीतरी पुढे, आणि त्यातलं निम्मं चित्र कायम झाकलेलं. डीपनॅशने ग्रॅव्हॉन या संकेतस्थळावरच्या तरबेज माणसांविरुद्ध 84 टक्के डाव जिंकले. या कामात माजी जगज्जेते व्हिन्सेंट डी बूर सहभागी होते. त्यातला एक डाव सांगण्यासारखा आहे. यंत्राने आपला दुबळा टेहळ्या समोरच्याच्या कर्नलच्या मागे असा लावला, जणू तो मार्शलच आहे. समोरच्याने त्या ‘मार्शल’ला मारायला हेर पुढे आणला आणि हेर गमावला. थाप मारायला यंत्राला कुणी शिकवलं नव्हतं. स्वतःशीच अगणित डाव खेळताना थापेशिवाय जिंकता येत नाही, हे त्याला उमगलं. आणि अशी थाप जमते ती पटावर पुरेशा अनोळखी सोंगट्या उभ्या असतील तेव्हाच.

तेव्हा घ्यायचाच असेल तर चाळीस सोंगट्यांचा संच घ्या. आकडे नव्या पद्धतीचे असले तरी हरकत नाही, टेहळ्याचा नवा नियम वापरा, आणि शक्य तर हुद्दे सोंगटीवर छापलेला संच शोधा. जुना संच कुणाच्या माळ्यावर पडला असेल तर तो आधी मागून घ्या. ऐंशीच्या ऐंशी सोंगट्या मोजून घ्या आणि पाठी उजेडात धरून तपासा. लहान मुलांसाठी वेगळा छोटा खोका घेण्याची गरज नाही. मोठ्या संचातून प्रत्येकाने मार्शल, जनरल, हेर, झेंडा, एक सुरुंग, एक सुरुंग काढणारा आणि दोन टेहळे अशा आठच सोंगट्या घ्यायच्या आणि त्याच पटावर खेळायचं. स्पर्धांमध्येही हा डाव ‘बराज’ नावाने खेळला जातो. त्यात पोरं तयार झाली की उरलेल्या 32 सोंगट्या त्याच खोक्यात असतात. छोटा संच घेतला तर पूर्ण डावासाठी पुन्हा पैसे मोजावे लागतील.